न टाकलेली चिठ्ठी

अणदूरच्या एका ओसरीवर, पंधरा-वीस माणसांच्या देखत, मी एकदा एकच शब्द बोललो होतो. "पोचली." त्याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. त्या शब्दावर एक बाई इतकी वर्षं तग धरून राहिली आणि मी त्या शब्दामागचं खरं कुणाला कळू नये म्हणून जपत राहिलो. आता तो मागं घ्यायचाय. घ्यायचा तर आधीचं सगळं सांगणं आलं.

मी बोलका माणूस नाही. आयुष्य दुसऱ्यांचा मजकूर तपासण्यात गेलं. लेखक बोलतात, आम्ही समासात लाल खुणा करतो. धाराशिवात माझं लहानसं प्रकाशन आहे. शाळेची पुस्तकं, गावोगावच्या स्मरणिका, वर्षाकाठी एखादा हौशी कवितासंग्रह. त्याआधी पुण्यात एका मोठ्या प्रकाशनाचा कारभार पाहिला आणि त्याच्याही आधी बरीच वर्षं दिल्लीत सरकारी नोकरी केली. कसली नोकरी, असं गावात कुणी विचारलं की मी म्हणायचो, "छापखान्याची." हे खोटं नव्हतं. पण तिथं काय छापत होतो ते बायकोलाही कधी नीट सांगितलं नाही.

सगळं उर्दूनं घडवलं. माझे वडील धाराशिवच्या कचेरीत कारकून होते. निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद उर्दूत, आणि ते वाचणारी माणसं एकेक करून कमी होत चाललेली. वडील ते वाचायचे. आठवडाभर धाराशिवात राहायचे, शनिवारी यष्टीनं अणदूरला आले की मला समोर बसवून अलिफ-बे गिरवून घ्यायचे. "कामाला येतंय बघ," म्हणायचे. आलं कामाला. धाराशिवातल्या एका छापखान्यात मी प्रूफं तपासत होतो, तेव्हा दिल्लीतल्या एका खात्याला उर्दू येणारा आणि छपाई कळणारा माणूस हवा होता. मी अर्ज केला, लागलो. पहिली काही वर्षं लसीकरणाची आणि कुटुंब नियोजनाची पत्रकं केली. मग त्या उन्हाळ्यात सरहद्दीवर डोंगरात लढाई पेटली आणि मला उचलून दुसऱ्या एका खोलीत बसवलं. त्या खोलीबाहेर पाटी नव्हती.

काम सांगायला सोपं. पलीकडच्या शिपायांचं मन मोडायचं, आणि ते कागदानं. त्यांच्या भाषेत, त्यांच्या घरच्यांच्या आवाजात मजकूर लिहायचा, छापायचा. पुढं तो डोंगरावर कसा टाकायचा ते दुसरे लोक बघायचे. आमचे साहेब लखनौकडचे, उर्दू इतकी मऊ की शिवी दिली तरी पान खाल्ल्यासारखी वाटायची. त्यांचं एकच म्हणणं असायचं: खोटं पत्र मोठ्या गोष्टींनी खरं वाटत नाही. त्याला एखादी हाताला लागेल अशी बारीक वस्तू लागते.

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ते फार चांगलं शिकलो.

आता अव्वा. आमच्या समोरच्या घरात राहायच्या. घरात कानडी, दारात मराठी. अव्वा म्हणजे आई. त्यांची लेकरं म्हणायची म्हणून मीही अव्वाच म्हणत आलो. नवरा लवकर गेला. मागं एक पोरगा, एक पोरगी, थोडी जमीन आणि एक म्हैस. पोरगा माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, रंगानं काळासावळा, आवाज मोठा. बारावी झाल्यावर शेत सांभाळील असं अव्वांनी धरलं होतं. तो एक दिवस न सांगता भरतीला गेला आणि निवड होऊन आला. आनंदानं उंबऱ्यात उभा राहिला तर अव्वा म्हणाल्या, "जातोस तर जा. पर परत या उंबऱ्याच्या आत पाय ठिवू नको. मेलास तरी तोंड दावू नको."

रागाची बाई. बोलून गेली. पण पोरगाही त्याच आईचा. पिशवी उचलली आणि मागं न बघता निघाला. पुढं तीन वर्षं घरी आला नाही.

चिठ्ठ्या मात्र यायच्या, बहिणीच्या नावानं. मी सुट्टीवर असलो की बहीण त्या माझ्याकडून वाचून घ्यायची. ती तेव्हा नववी-दहावीत, तिला वाचता येत होतं की. पण मोठ्यानं वाचून घ्यायचं कारण वेगळं होतं. अव्वा आमच्याकडं पाठ करून ज्वारी पाखडत बसायच्या. "मला काय करायचंय त्याचं," असं एकदा म्हणून घ्यायच्या. मी वाचायला लागलो की सूप थांबायचं. वाचून झालं की परत सुरू व्हायचं. बहीण माझ्याकडं बघून डोळे मिचकावायची.

त्या उन्हाळ्यात वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून चार दिवसांची रजा काढून आलो. लढाईच्या बातम्या रोज येत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी समोरून हाक आली.

"धाकटे कारकून! कागुद-पेन घिऊन या हिकडं."

वडील थोरले कारकून, मी धाकटे. ही त्यांची माझ्यावरची लहानपणापासूनची थट्टा. गेलो. अव्वा ओसरीवर बसल्या होत्या, सूप बाजूला उपडं ठेवलेलं.

"कुणाला लिहायचंय अव्वा?"

"तुझ्या सासऱ्याला!" त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, जमिनीकडं बघत, "त्येला लिव्ह."

बहीण आतून धावत आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "अगं बाई, सूर्य कुठं उगवला आज?" म्हणाली. अव्वांनी शेजारचा खराटा उगारला.

ती चिठ्ठी मी अव्वांच्या तोंडून जशी आली तशीच लिहून घेतली. वरचं 'अनेक आशीर्वाद' तेवढं माझं. बाकी त्यांचं:

"म्हैस व्याली. रेडी झाली. चारी पाय पांढरे हायती, मोजे घातल्यावानी. तू बघशील तवा मोठी झालेली आसंल. तू जाताना म्या बोलले. ते मागं घेते. तू रागानं गेलास, म्या रागानं बोलले, दोन्ही राग म्या गिळले. आता देव गावात हाय. त्यो बी नळदुर्गाला जातो ते लिहून देऊनच, आन लिहिल्याल्या दिवशी परत येतो. तसं म्या बी तुला लिहून देते. तू ये. उंबऱ्यात आल्यावर उजवा का डावा बघत बसू नको. कुठला बी पाय आधी टाक, पर ये."

परगावच्या वाचकासाठी सांगतो. अणदूरचा खंडोबा आणि नळदुर्गचा खंडोबा एकच. मूर्ती एक, गावं दोन. वर्षाचे बहुतेक महिने देव अणदूरला असतो आणि मार्गशीर्षापासून पावणेदोन महिने नळदुर्गाला. नेताना गावकरी एकमेकांना कागदावर लिहून देतात, अमक्या दिवशी देव परत आणून सोडू म्हणून. आमच्याकडं देवाचंही येणं-जाणं कागदावर चालतं. अव्वांना अक्षर येत नव्हतं, पण लिहून दिलं म्हणजे काय हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं.

त्यांनी अंगठा उमटवला. मीच म्हणालो, "इथनं टाकली तर लई फिरून जाईल. मी दिल्लीत टाकतो, तिथनं लष्कराचं टपाल लवकर जातं." अव्वांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. दोघांच्या हातात ती क्षणभर तशीच राहिली. मग म्हणाल्या, "हरवशील बिरवशील." मी हसलो. "कागद हरवणं आमच्या धंद्यात बसत नाही अव्वा."

खरंच, नाहीच हरवला.

दिल्लीत पोचलो तो साहेब वैतागलेले. आईच्या पत्राचे आमचे चार मसुदे त्यांनी परत फेकले होते. "ये माँ नहीं, हेडक्लार्क बोल रहा है," असं लिहिलं होतं एकावर. माझ्या शर्टाच्या खिशात अव्वांची चिठ्ठी होती. संध्याकाळी टपालात टाकायचीच होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितली नव्हती. मी स्वतःहून ती बाहेर काढली आणि साहेबांना हिंदीत अर्थ सांगत वाचून दाखवली.

ते पांढऱ्या पायांवरच हसायला लागले. उंबऱ्याच्या वाक्याशी गप्प झाले. मग म्हणाले, "यही. बस यही."

दोन दिवसांत मी त्याचं उर्दू केलं. खंडोबा काढला, तिथं गावच्या पिराचा उरूस घातला. ज्वारीचा उल्लेख नव्हताच. म्हैस तशीच राहिली, म्हशी तिकडंही असतात. उंबऱ्याच्या वाक्याला हात लावावा लागला नाही. उजव्या पायानं घरात यायचं हे तिकडच्या आयाही सांगत असणार. खरं सांगतो, त्या वाक्याचा तर्जुमा बसला तेव्हा मला आनंद झाला. कारागिराला होतो तसा. त्या आनंदाची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते.

चिठ्ठी का टाकली नाही? याचं उत्तर छापखान्यात काम केलेल्यालाच पटेल आणि त्यालाही पटू नये. आमच्यात एक नियम असतो: शेवटचं प्रूफ पास होईपर्यंत मूळ प्रत हातची सोडायची नाही. नक्कल केली तर नकलेत चूक होते, मग कशाशी ताडून बघणार? धाराशिवच्या छापखान्यात पहिल्याच दिवशी हे माझ्या डोक्यात बसवलं होतं. मी ती चिठ्ठी मूळ प्रत म्हणून मसुद्याला टाचणीनं लावली. अरे, ती चिठ्ठी होती. मराठीतली. उर्दू मजकूर तिच्याशी ताडून बघायची कुणाला गरज नव्हती, मला सोडून. पण हाताला वळण पडलं होतं. मी स्वतःला सांगत होतो, पहिलं प्रूफ बघतो, मग टाकतो. उर्दू मजकूर हातानं लिहिणाऱ्या कातिबानं एक ओळ गाळली, दुसरं प्रूफ आलं. मग साहेबांनी कागदाचा आकार बदलला, तिसरं आलं. आठ-नऊ दिवस गेले. प्रूफ पास झालं, पत्रकं गेली. मी टाचणी काढायला गेलो तर दफ्तरदार म्हणाला, हे आता फायलीचं पान आहे, पानाला नंबर पडलाय, फाईल गोपनीय आहे. साहेबांकडं गेलो. त्यांनी मान हलवली. "अब ये फ़ाइल का काग़ज़ है. नक्कल कर लो, भेज दो."

नक्कल करायला बसलो. ती दुपार मला आठवते. 'म्हैस व्याली' एवढं लिहून झालं होतं. टेबलावरचा फोन वाजला. वडिलांचा आवाज. गावातल्या बूथवरून बोलत होते, डोळ्यावर अजून पट्टी असणार. "समोरचा पोरगा गेला रे," म्हणाले.

माझ्या हातात पेन तसंच होतं. मी काहीतरी बोललो असेन. पुढचं आठवत नाही. 'म्हैस व्याली' लिहिलेला तो कागद मी चुरगाळला, की घडी करून ठेवला, तेही आठवत नाही. मी सगळं आठवणारा माणूस. त्या एका तासाचं मात्र कोरं पान आहे.

आणखी चार-पाच दिवसांनी साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. त्यांच्या टेबलावर आमचं एक पत्रक होतं. चार घड्या घातलेलं, घामानं कडा विरलेल्या. पलीकडच्या एका मेलेल्या शिपायाच्या खिशात सापडलं म्हणाले. उंबऱ्याच्या वाक्याखाली कुणीतरी बॉलपेननं रेघ मारली होती. नुसती एक रेघ, जरा वाकडी. साहेब म्हणाले, "देखा? पहुँच गया." खोलीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वर गेले.

बाराव्याच्या सुमाराला मी अणदूरला पोचलो. ओसरी भरलेली. अव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या, रडून डोळे कोरडे झालेले. मला बघताच त्यांनी 'धाकटे कारकून' म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "चिठ्ठी पोचली का रं त्येला?"

मी म्हणालो, "पोचली."

"वाचली आसंल?"

एका शब्दावर थांबायला हवं होतं. पण मला धंदा येत होता. खोट्याला हाताला लागेल अशी वस्तू द्यायची. मी म्हणालो, "खिशात होती अव्वा. चार घड्या घातलेली."

ओसरीवरच्या बायका हुंदके देऊ लागल्या. अव्वांनी स्वतःच्या छातीवर, खिसा असतो तिथं, हात ठेवला आणि डोळे मिटले. त्या दिवसापासून अणदूरात ही गोष्ट झाली. आईनं राग गिळला, लेकानं चिठ्ठी छातीशी धरून जीव सोडला. शाळेत सव्वीस जानेवारीला सांगितली जायची. मी कधी गावी असलो तर मलाही व्यासपीठावर बसवायचे.

आणि दिल्लीत ते पत्र नमुना म्हणून ठेवलं गेलं. नवीन माणसं आली की मी त्यांना शिकवायचो, पत्र असं लिहावं. वर्षानुवर्षं अव्वांची चिठ्ठी मी अनोळखी पोरांना वाचून दाखवली, शब्द-शब्द उकलून. त्यावर मला बढती मिळाली. पुढं पुण्याच्या प्रकाशनानं बोलावलं तेही त्या नोकरीच्या नावावर. शेवटी सगळं सोडून धाराशिवला आलो. आल्यावरही अणदूरला जायचं मी टाळायचो. येडशीच्या पलीकडं काम निघालं तर बरं वाटायचं, कारण ती वाट उलट्या दिशेची.

गेल्या मार्गशीर्षात अणदूरच्या शाळेची स्मरणिका माझ्याकडं छापायला आली. लष्करात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांवर होती. प्रत्येक घरानं एक फोटो आणि एक आठवण द्यायची. मुख्याध्यापक फोनवर म्हणाले, "अव्वांना ती शेवटची चिठ्ठी छापायचीय. त्यांना पाठ आहे म्हणतात. पण लिहून घ्यायची तुम्हीच, असा त्यांचा हट्ट आहे."

दुपारच्या यष्टीनं गेलो. देव नळदुर्गाला गेलेला, त्यामुळं देवळाकडची बाजू सामसूम. अव्वा आता ऐंशीच्या घरात. पाठीला बाक आलाय, पण सूप सुटलेलं नाही. त्या पोराची बहीणही आली होती. ती आता शिक्षिका आहे, नळदुर्गाला दिलीय.

"या धाकटे कारकून," अव्वा म्हणाल्या. "केस पांढरे झाले की रं तुझे. म्हशीच्या पायावानी."

बहीण हसली. "दादा, चहा आधी का चिठ्ठी आधी?"

"चिठ्ठी," मी म्हणालो. मला ते उरकून निघायचं होतं.

अव्वा सांगू लागल्या आणि मी लिहू लागलो. इतक्या वर्षांनी एक शब्द इकडचा तिकडं नव्हता. म्हैस, रेडी, पांढरे पाय. दोन्ही राग म्या गिळले. देव, लिहून देणं. "तू ये," म्हणाल्या आणि थांबल्या. कपाळाला हात लावला. "ह्याच्या म्होरं एक होतं. काय होतं बाई... निसटलं."

मी खाली बघून लिहीत होतो. 'ये' वरची मात्रा देत होतो. आणि माझ्या तोंडातून, शिकवायच्या वर्गात यायचं तसं, सरळ बाहेर पडलं: "उंबऱ्यात आल्यावर उजवा का डावा बघत बसू नको. कुठला बी पाय आधी टाक, पर ये."

मी वर बघितलं.

अव्वा माझ्याकडं बघत होत्या. "व्हय," म्हणाल्या. "हेच." मग हळूच, "तुला कसं पाठ?"

"तेव्हा लिहिलं होतं ना..."

"साऱ्या गल्लीच्या चिठ्ठ्या लिहायचास तू. तुझ्या आईनं मामाला लिहवलेली आठवतीय का एक तरी?"

नव्हती आठवत.

"एकडाव लिहून लगीच टाकलेली चिठ्ठी, पंचीस वरसं पाठ ऱ्हाती?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "लेका, तू ती टाकली न्हाईस का?"

मी नोकरीत गोपनीयतेच्या शपथा घेतल्या होत्या, वरिष्ठांच्या प्रश्नांना तोंड दिलं होतं. हा प्रश्न मला कुणी, कधीच विचारला नव्हता. मी म्हणालो, "न्हाई."

मग सगळं सांगितलं. खोली, साहेब, प्रूफ, टाचणी, फाईल. अव्वांना प्रूफ म्हणजे काय ते कळलं नाही. परत सांगायला लावलं. परत सांगताना ते किती क्षुल्लक आहे हे मला पहिल्यांदा ऐकू आलं. एका कागदाच्या तीन वेळच्या तपासणीसाठी.

"मंग खिशात कुणाच्या होती?" अव्वांनी विचारलं.

ते सांगितलं. पलीकडच्या पोराचं. रेघेचं. टाळ्यांचंही सांगितलं.

अव्वांनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "माझ्या तोंडचं बोलणं. दुसरीच्या लेकराला मारायला."

मी मान खाली घातली. तेवढ्यात बहिणीचा आवाज आला, वेगळाच, वर्गात खडू आपटावा तसा.

"मला वाटत होतं पोचली न्हाई म्हनून."

आम्ही दोघंही तिच्याकडं बघायला लागलो. ती आत गेली. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. एक जुनं आंतर्देशीय पत्र घेऊन आली आणि उभ्यानंच बोलू लागली. "मी त्याला तवा लगीच लिहिलं होतं अव्वा. की अव्वानं चिठ्ठी लिहवलीय, दादाच्या हाती दिलीय. काय लिहिलंय ते सांगत न्हाई, तूच वाच, म्हनून. गंमत म्हनून." ती थांबली. "हे त्याचं उत्तर. तो गेल्यावर, बारावं झाल्यावर पोचलं."

तिनं वाचलं. दोन-तीनच ओळी होत्या. "अव्वाची चिठ्ठी अजून आली नाही. रोज टपाल बघतो. ती रागावली असेल तरी सांग, पण काय लिहिलंय ते सांग."

"हे दावलं का न्हाईस मला?" अव्वा ओरडल्या. त्या दुपारी पहिल्यांदा.

"ह्यांनी खिशाचं सांगितलं म्हनून!" तिनं माझ्याकडं बोट केलं. "चार घड्या म्हनले. मला वाटलं, हे पत्र त्यानं टाकल्यावर, शेवटच्या दिवशी तरी पोचली आसंल. आन न्हाई पोचली आसंल तर... तू छातीवर हात ठिवून बसली होतीस अव्वा. मी काय दावू?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "रेघ मारली होती म्हनं. माझ्या भावाला रेघ मारायला तरी मिळाली असती."

तो वाट बघत होता. हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो की निदान त्याला त्या चिठ्ठीचा पत्ताच नव्हता, जे ठाऊक नाही ते न मिळाल्याचं दुःख नसतं. त्या समजुतीवर मी झोपत होतो. ओसरीवरचा खांब मी हातानं धरला.

अव्वांनी ते आंतर्देशीय मागून घेतलं. वाचता येत नाही तरी बघत राहिल्या. मग माझ्या मांडीवरच्या वहीकडं बोट दाखवलं, जिच्यात त्यांची चिठ्ठी दुसऱ्यांदा उतरली होती.

"ते फाड."

मी पान फाडलं.

"पुस्तकात त्येच्या जागी हे लिव्ह. तू काय केलंस ते. तोंडानं नको सांगू, तोंडानं तू एकडाव सांगितलंस." श्वास घेतला. "लिहून दे. आमच्या गावात देव बी लिहून दिल्याबिगर हालत न्हाई."

"अव्वा, नावासकट लिहितो."

"माझ्या लेकाचं नाव तुझ्या कागदावर नको. तुझं बी नको. नाव दिलंस की लोक तुला धरत्याल आन तू केलंस ते सोडत्याल. आन छापायच्या आधी मला वाचून दाव."

चहा झाला नाही. निघालो.

म्हणून हे लिहिलंय. स्मरणिकेत त्या चिठ्ठीसाठी ठेवलेल्या पानांवर हे जाईल. चिठ्ठी या मजकुरात आलीच आहे, तिला वगळून हे सांगताच येईना. मूळ प्रत त्या फायलीत आहे की फाईलच नष्ट केली, ते विचारायला मी दिल्लीला लिहिलं आहे. उत्तर नाही.

परवा एवढ्याचं प्रूफ घेऊन अणदूरला गेलो; पुढच्या ओळी नंतर जोडल्यात. अव्वा ओसरीवर होत्या. मला बघून त्या वळल्या, माझ्याकडं पाठ केली आणि ज्वारी पाखडायला लागल्या. बहिणीनं मला बसायलाही सांगितलं नाही. मी पायरीवर बसलो आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागलो.

सूप थांबलं. शेवटपर्यंत थांबलेलं होतं.

वाचून झाल्यावर मी वाट बघितली. "छापू का अव्वा?" असं विचारलं. त्यांनी मान वळवली नाही. जरा वेळानं सूप परत सुरू झालं.